पोरांचा फड

सुरवी नदीवरच्या आमच्या चिंचवेलच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं, की डाव्या हाताला पाट निघालेला दिसतो. त्या पाटाच्या अगदी मुखाशी, पहिल्या उसाच्याही अलीकडे, दोन बिघ्यांचा एक तुकडा आहे. त्यात परातीएवढे वाफे पाडलेले आहेत. एकात मेथी, एकात कोथिंबीर, एकात नुसताच चिखल. वाफ्यांच्या कडेनं तीन ते सहा वर्षांची पोरं बसलेली असतात, आणि त्यांच्या मधोमध गुडघे पोटाशी घेऊन गावातला सगळ्यात जाणता बारेकरी बसलेला असतो. खाली एवढा थोरला ऊस उभा आहे, आणि त्याला पाणी कोण देतंय, तर परवा मिसरूड फुटलेला गडी. पाहुण्यांना हसू येतं. म्हणतात, आबा, हे उलटं नाही का? उलटंच आहे. हसून घ्या, मग सांगतो.

आधी इथली रीत ध्यानात घ्या. आमच्याकडे कुणी आपल्या शेताला आपण पाणी देत नाही. सगळं शिवार चार फडांत वाटलेलं आहे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी द्यायला गावानं नेमलेला माणूस. तो बारेकरी. मालकानं फावड्याला हातसुद्धा लावायचा नाही, बांधावर उभं राहून बघायचं. मालकाच्या हाती पाणी दिलं की काय होतं ते मी सांगायला नको, तुमच्या शहरात टँकर आला की तुम्ही रोज बघताच. पाणी पाटाच्या शेवटाकडून द्यायला सुरुवात करायची आणि मुखाकडे येत जायचं. शेवटच्याचं पुरं झाल्याशिवाय पहिल्याला थेंब नाही. ही रीत फार जुनी आहे, कुणी घातली ते कुणालाच माहीत नाही. पण पोरांना वाफे देण्याची रीत कुणामुळे पडली ते माहीत आहे. जुनी माणसं त्या तुकड्याला ठगूबाईचं शेत म्हणतात.

ठगूबाई ही झिपरू बारेकऱ्याची बायको. झिपरूचं नाव त्या काळी नदीकाठच्या दहा गावांत होतं म्हणे. तो डोळे मिटून पाटाच्या कडेला बसे आणि खाली शेतात जाणाऱ्या कुठल्या चारीत बीळ पडलंय ते आवाजावरून सांगे. शेजारचे लोक झिपरू आपल्या गावचा होता म्हणून सांगतात. सांगू द्या. ठगूबाई मात्र इथलीच, याबद्दल वाद नाही, कारण तिच्या जिभेची आठवण अजून इथल्याच घरांत निघते. नवरा सगळ्या गावाला पाणी पाजतो आणि घरी आला की पिण्याचं पाणी मागायलाही तोंड उघडत नाही, असं ती चारचौघांत म्हणायची. त्यांचं शेत होतं ते पाटाच्या मुखाशी, हेच, दोन बिघ्यांचं. दुसरं काही नव्हतं. म्हातारपणाची भाकरी म्हणा, आधार म्हणा, सगळं तेवढंच.

गावात तेव्हा एक समजूत होती. ज्याला फावडं उचलत नाही त्यानं पाटात पाय घालायचा नाही. लहान पोराचा पाय लागला की पाट फुटतो, असं बायाबापड्यांपासून पंचांपर्यंत सगळे मानत. पोरं पाटाच्या जवळ गेली की दगड मारून हाकलायचे. मग पोरगा अठराएक वर्षांचा झाला, हाडापेरानं मजबूत झाला, की त्याला पाण्याचे नियम शिकवायला घ्यायचे. झिपरूनं आपल्या एकुलत्या एका मुलाला, तोतारामाला, असंच अठराव्या वर्षी हाताखाली घेतलं. तीन वर्षं शिकवलं. तोताराम हुशार होता. कुठल्या पिकाला किती पाणी, कुठल्या जमिनीला किती वेळ, सगळं त्याला घडाघडा येत होतं. पंचांनी परीक्षा घेतली तेव्हा एक नियम चुकला नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी गावानं त्याच्या हाती फावडं दिलं, आणि ठगूबाईनं पुरणाच्या पोळ्या केल्या.

पुढच्याच वर्षी नदी लवकर आटली. पाटाच्या शेवटाला उखा नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं, त्याला पाणी चाललं होतं. मधल्या फडात तोतारामाच्या मेहुण्याचा गहू सुकायला आला होता. मेहुणा काही बोलला नाही, भांडला नाही. नुसता बांधावर येऊन उभा राहिला आणि तोतारामाकडे बघत राहिला. तोतारामानं मान खाली घातली, आणि जाता जाता मेहुण्याच्या चारीचं तोंड हातभर उघडं ठेवलं. बस, एवढंच. पण दिवस मावळेपर्यंत तिथून गळत राहिलेल्या पाण्यानं उखाचा गहू गेला. दुसऱ्या दिवशी बांधावर काठ्या निघाल्या आणि उखाच्या थोरल्या भावाचा पाय मोडला. तो जन्माचा लंगडा झाला. तोतारामाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. बायकोला घेऊन तो तापीकाठी मजुरीला निघून गेला आणि चार वर्षांच्या भिवसनला आजा-आजीकडे ठेवून गेला.

झिपरू आठ दिवस नीट जेवला नाही. ठगूबाईनं ताट पुढं ठेवावं, त्यानं भाकरीचा तुकडा मोडावा आणि तसाच हातात धरून बसावं. एकदा एवढंच बोलला म्हणे.

"त्याला सगळं येत होतं गं. पण वेळ आली तेव्हा हाताला काही आलं नाही."

"मग आता काय करायचं?" ठगूबाई म्हणाली. "दुसरा मुलगा तर काही मी जन्माला घालणार नाही."

त्याच दिवसांत कधीतरी हे घडलं. घराच्या मागे न्हाणीचं पाणी वाहून जायचं, तिथं भिवसन आणि आळीतली पोरं चिखलाचे वाफे करून खेळत होती. त्यांत उखाची मथीही होती, पाच वर्षांची. मोठ्यांचं बोलणं बंद झालं होतं, पोरांना त्याचं काय! भिवसननं सगळं पाणी आपल्या वाफ्यात वळवून घेतलं. मथीनं त्याच्या तोंडावर चिखलाचा गोळा मारला. दोघंही भोकाड पसरून रडायला लागली. ठगूबाई लाटणं घेऊन धावली, पण झिपरूनं तिला हातानं थांबवलं आणि तो चिखलात फतकल मारून बसला. ओरडला नाही, कुणाची बाजू घेतली नाही. भिवसनला म्हणाला, "उद्यापासून वाफे तू पाडायचेस. पण जो वाफे पाडील, त्यानं पाणी शेवटी घ्यायचं."

पहिल्या दिवशी भिवसनच्या वाट्याला ओला चिखलसुद्धा आला नाही. तो रडला, रुसला, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे वाफे जरा सारखे झाले. आठ दिवसांनी झिपरूनं बोटानं मोजून पाहिलं, तर पाच वाफ्यांत एका बोटाचा फरक नव्हता. आणि पोर ते करायला कुणाकडे बघत नव्हतं, नियम आठवत नव्हतं. हात आपला आपण चालत होता. तीन वर्षं तोतारामाला पढवून जे जमलं नाही, ते या शेंबड्याला आठवड्यात जमलं. झिपरू तसाच उठला आणि चिखलाच्या पायांनी पंचांकडे गेला.

पंचांचा मोठा तेव्हा सजन पाटील होता. माणूस वाईट नव्हता, पण गाव चालवणारा होता, आणि गाव चालवणाऱ्याला नवीन काही ऐकलं की आधी कपाळाला आठी पडते. झिपरूनं मागणं घातलं. न्हाणीच्या पाण्यावर काही होत नाही, वाहत्या पाण्याची जागा हवी. पाटाच्या मुखाशी पोरांना वाफे पाडून द्या, दर पाळीला थोडं पाणी तिथं सोडा, आणि मला त्यांच्यात बसू द्या. उसाला दुसरा माणूस बघा.

"पाट फुटला तर?" पाटील म्हणाला.

"पोरांच्या पायानं पाट फुटत नाही, पाटील. यंदा कोणाच्या पायानं फुटला, ते तुम्ही बघितलं."

"बरं, नाही फुटत. पण उसाला पाणी पुरत नाही, आणि तू पोरांच्या खेळाला मागतोस? ते पाणी कुणाच्या वाट्याचं जाणार?"

झिपरू पाटात उतरला. ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्या पंचांसमोर बोलला, की मुखाचं शेत माझं आहे. एक तप, बारा वर्षं, माझ्या शेताच्या वाट्याचं पाणी पोरांना. बांधालगतची पट्टी वाफ्यांना, आणि बाकीचं शेत पडीक. बारा वर्षांनी गावाला वाटलं की पाणी फुकट गेलं, तर वाफे मोडून टाका. असं बोलून त्यानं ओंजळ पाटात सोडली. पाण्यात उभं राहून बोललेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. पंचांना मान्य करावं लागलं.

घरी काय झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. ठगूबाईनं म्हणे चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि चूल विझवली.

"देवाला दिलं असतंत तर मी म्हटलं असतं, पुण्य तरी पदरात पडेल. साधूला दिलं असतंत तर आशीर्वाद मिळाला असता. तुम्ही दिलंत कुणाला, तर ज्यांना नाक पुसता येत नाही त्यांना! आणि मी काय खाऊ, त्यांची मेथी?"

झिपरू म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं आहे." आणि पुढं काही बोलला नाही. हे असं बोलून गप्प बसणारे नवरे फार वाईट, भांडणसुद्धा धड करता येत नाही. ठगूबाई तीन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. भाकरी थापून द्यायची, पण ताट आपटून ठेवायची.

शेत पडीक पडलं. ठगूबाई दुसऱ्यांच्या फडात निंदणी-कापणीला जायला लागली. ज्यांच्या शेताला तिच्या नवऱ्यानं जन्मभर पाणी दिलं, त्यांच्या शेतात ती वाकून गवत काढायची, आणि मान वर केली की मुखाशी तिचं स्वतःचं भेगाळलेलं शेत दिसायचं. त्याच्या कडेला नवरा पोरांत बसलेला. कधी टाळ्या वाजवून पाणी मुरायला किती वेळ लागतो ते मोजायला शिकवतोय, कधी टाचेनं माती दाबून ओल कशी ओळखायची ते दाखवतोय. एक खेळ तर ती रोज बघायची. एक पोर पाणी वळवायला बसे आणि बाकीची भोवती उभी राहून रडायची, हाका मारायची, गूळ दाखवायची. पाणी वळवणाऱ्यानं वर बघायचं नाही. बघितलं की तो बाद. पोरं खिदळायची, चिखलात लोळायची. झिपरू पोरांत पोर झाला, असं गाव म्हणायचं. उखानं मात्र आपल्या मथीला एक दिवसही तिथं जाण्यापासून अडवलं नाही. का, ते त्यालाच ठाऊक.

किती पोरं होती? कुणी सात सांगतं, कुणी अकरा. दर साली नवी यायची, सहा वर्षांची झाली की उठून जायची. मोठी झालेली गुरांमागं गेली, कामाला लागली. त्यांच्यात वेगळं असं काही दिसत नव्हतं. ठगूबाई मुद्दाम निरखून बघायची, तिला काही दिसत नव्हतं. बाकीच्या पोरांसारखीच ती बोरं चोरायची आणि मार खायची. सहा वर्षं अशी गेली. नव्या बारेकऱ्यांच्या हातून उसाला कमी-जास्त होत होतं, त्याचं खापरही लोक झिपरूच्या डोक्यावर फोडायचे.

सातव्या वर्षी झिपरू तापानं गेला. जाण्याआधी दुपारी त्यानं ठगूबाईला एवढंच सांगितलं, "पाणी मागू नको."

"मागणार," ती म्हणाली. "उद्याच मागणार."

तो हसला म्हणतात. तेरावं झालं आणि सजन पाटील आपण होऊन तिच्या दारात आला. म्हणाला, "ठगूबाई, शब्द त्याचा होता, तो गेला. आखाजीपासून तुझं पाणी तुला घे. कुणी नाव ठेवणार नाही." पाटील मनापासून बोलत होता. ठगूबाई घेणार होतीच. शेत नांगरायला बैल कुणाचे मागायचे, हेसुद्धा तिनं ठरवलं होतं. वाफे मोडायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन गेली.

तिथं पोरं बसलेली होती. म्हातारा नाही, तरी बसलेली. एक तीन वर्षांची पोरगी आपल्या वाफ्यात पाणी सोडायच्या आधी उठली, चिखल तुडवत शेवटच्या वाफ्यापाशी गेली, टाचेनं माती दाबली आणि परत येऊन बसली. शेवटच्यात पाणी कमी होतं, म्हणून तिनं आपल्यात घेतलंच नाही. ठगूबाईचं मन त्यानं विरघळलं, असं कीर्तनकार सांगतात. तसं काही नाही. तिला राग आला. मेल्यानं मरता मरताही आपल्याला अडकवलं, असं ती मोठ्यानं बोलली, सगळ्या पाटावर ऐकू गेलं. मग कुदळ बाजूला टाकून ती म्हाताऱ्याच्या जागेवर बसली. पाण्यात बोललेला शब्द मोडायची तिला भीती वाटली, एवढंच खरं.

पुढची वर्षं तिनं पोरांना शिकवलं. तिला पाण्यातलं काही कळत नव्हतं. नवरा जे म्हणायचा तेच ती हातात छडी घेऊन म्हणायची. वाफे पाडील त्यानं शेवटी घ्यावं. वर बघू नये. शेवटच्याचं पुरं झाल्याशिवाय पहिल्याला थेंब नाही. सकाळी हे, आणि दुपारी दुसऱ्यांच्या शेतात निंदणी. वय झालं होतं, कंबर वाकली होती. ती बोटांवर आखाजी मोजत होती.

बारावं वर्ष संपलं. त्या आखाजीला गावानं दोन गोष्टी केल्या. ठगूबाईचं पाणी तिला परत दिलं, आणि सोळा वर्षांच्या भिवसनला बारेकरी नेमलं. दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून नेमलं, त्याच्या बापाची गोष्ट कुणी विसरलं नव्हतं. पावसाळा सरला आणि ठगूबाईनं बारा वर्षांनी आपल्या शेतात गहू पेरला. वाफ्यांची पट्टी तेवढी वगळली. ती मोडायची होती, पण हात लागला नाही. गहू वीतभर झाला आणि ती रोज सकाळी जाऊन त्यातून हात फिरवून यायची. आता कुणाच्या शेतात वाकायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि नेमका त्याच साली दुष्काळ. माघात नदीची धार बोटभर उरली. पंचांनी ठरवलं, प्रत्येकाच्या निम्म्या शेताला एक शेवटचं पाणी, मग पाट बंद. एवढं मिळालं तर निम्मा गहू हाती लागणार, नाही मिळालं तर सगळा गेला. भिवसननं रीतीप्रमाणे शेवटाकडून, उखाच्या शेतापासून सुरुवात केली. तीन दिवस पाणी चाललं आणि तीन दिवस सगळं गाव काठ्या घेऊन बांधावर उभं होतं. मागच्या खेपेचा मोडलेला पाय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता.

पण एक गोष्ट झाली, ती म्हाताऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. प्रत्येक घरातली तरणी पोरं, पंधरा-सोळा वर्षांची, बांधावर आली खरी, पण ती उभी राहिली नाहीत. काठ्या आडव्या टाकून खाली बसली. एकजण आपल्या मुलावर खेकसला, "बसलास काय? पाणी कुठं चाललंय बघ!" मुलगा म्हणाला, "बघतोय ना, बापू. बरोबर चाललंय." पलीकडच्या बांधावर मथी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. लग्न होऊन आखाजी-दिवाळीला माहेरी येणारी पोर, पण दुष्काळाचं ऐकून आली होती. तीही बापाला तेच सांगत होती. ज्यांना बरोबर काय ते डोळ्यांनी दिसतं, त्यांना काठी उगारायला कारण लागत नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तेव्हा पाणी मुखाशी आलं. आता एकच शेत राहिलं होतं, ठगूबाईचं. धार इतकी बारीक झाली होती, की एका तुकड्याला जेमतेम पुरावी. सजन पाटील म्हातारा झाला होता, काठी टेकत पुढं आला आणि भिवसनला म्हणाला, "सोड रे बाबा, आजीला सोड. बारा वर्षं थांबलीय ती." कुणी नाही म्हटलं नाही. उखानंसुद्धा नाही. सगळ्या गावाची संमती होती, हे ध्यानात ठेवा.

भिवसन आधी पाटाच्या कडेकडेनं पार शेवटापर्यंत चालत गेला. परत आला, फावडं उचललं आणि आजीच्या शेताच्या चारीचं तोंड मातीनं बंद केलं.

"काय करतोस?" ठगूबाई म्हणाली.

"आजी, उखाबाबांचा कोपरा अजून टाचेला कोरडा लागतोय. पहिल्या दिवशी कोरड्या पाटानंच निम्मं पाणी पिऊन टाकलं. त्यांचं पुरं झालेलं नाही."

"आणि माझा गहू?"

"त्यांचं झालं की तुझा."

"तोवर पाणी उरेल?"

"नाही उरणार," भिवसन म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. फावड्यानं माती थापत होता, आणि डोळ्यांतलं पाणी त्या मातीवर पडत होतं. हात मात्र थांबला नाही.

ठगूबाईनं तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. तुझ्या आज्यानं मला उपाशी मारलं, आता तू मार. कुणासाठी, तर त्या उखासाठी! बोलता बोलता ती वाकली, बंद केलेलं तोंड हातानं उकरायला लागली. कुणीही तिला अडवलं नाही. दोन मुठी माती तिनं काढली, आणि मग ती थांबली. बांधावर बसलेली सगळी तरणी पोरं तिच्याकडे बघत होती. त्यांच्या मागं दहा-बारा वर्षांची धाकटीही होती, तिनंच छडी घेऊन ज्यांना घोकायला लावलं, ती. त्या दोन मुठी तिनं परत जागेवर ठेवल्या आणि वरून तळहातानं दाबल्या.

मग ती तिथंच खाली बसली आणि रडली. फार रडली म्हणतात. आणि रडता रडता हसायला लागली, तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"चार वर्षांचा होता हा," ती म्हणाली. "चार वर्षांचा असताना त्यानं ह्याला हे दिलं. माझ्या तोतारामालाही दिलं, पण उशिरा दिलं. मला वाटायचं, बारा वर्षांचं पाणी चिखलात गेलं. नाही गेलं. ह्यांच्या हातांत मुरलं होतं, आणि मला दिसत नव्हतं. अरे म्हाताऱ्या, बरोबर होतास रे तू! एकदा नीट सांगायचं तरी होतंस."

कोपरा भिजला आणि दिवस मावळायच्या आत धार तुटली. काहीजण सांगतात, की पुढं अवकाळी पाऊस आला आणि ठगूबाईचा गहू दुप्पट पिकला. खोटं आहे. पाऊस आला नाही, तिचा गहू जागेवर वाळला. तसा पाऊस आला असता, तर पुण्याचं फळ म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि विसरून गेले असते. काठी मात्र एकही उठली नाही. दुष्काळात शेजारची तीन गावं पाण्यावरून फुटली, चिंचवेल फुटलं नाही.

पुढच्या आखाजीला पंचांनी ठगूबाईला बोलावलं. म्हणाले, तुझं नुकसान गावानं भरून द्यायचं ठरवलंय, काय हवं ते माग. ती म्हणाली, मुखाचं शेत आता सगळंच पोरांना. कायमचं. आणि गावात जो सगळ्यात जाणता बारेकरी असेल, त्यानं उसाला नाही, पोरांना बसायचं. नव्या गड्याला द्या उसाचं पाणी. ऊस चुकला तर पुढच्या साली दुसरा लावता येतो.

"आणि तुझ्या पोटाचं काय?" सजन पाटील म्हणाला.

तेव्हा गर्दीतून उखा पुढं आला. तेरा वर्षांत त्या घराशी तो एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "आज आमच्याकडून भाकरी येईल. उद्या दुसऱ्या घरची." तेवढंच बोलून तो घरी गेला, आणि थोड्या वेळानं त्याचा लंगडा भाऊ फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आला. ठगूबाईनं ती पोरांत बसून खाल्ली. मीठ कमी आहे, असंही म्हणाली.

ती पुढं आठ वर्षं जगली. तिची समाधी नाही, तिच्या नावाचा शेंदूर फासलेला दगड नाही. तिनंच नको म्हटलं होतं. आजही पाणी कमी पडलं की पंच आधी उसाचं पाणी तोडतात, मग गव्हाचं तोडतात, आणि हा तुकडा शेवटपर्यंत भिजतो. आजही पोरांत बसणाऱ्या बारेकऱ्याच्या घरी दुपारची चूल पेटत नाही. त्याची भाकरी रोज एका घरून येते, पाळीनं, आणि अजून एकदाही चुकलेली नाही. आज पाळी आमच्या घरची आहे. तेव्हा पाहुणे, तुम्ही बघा सावकाश, मला उठू द्या.